स्टेम सेलच्या इंजेक्शनने हृदय नवं होतं?

'स्टेम सेलचं एक इंजेक्शन घ्या, हृदय नवं होतं, बायपास नको.' दादरच्या आमच्या काकांना अटॅकनंतर हा मेसेज तिघांनी पाठवला, तोही काळजीपोटीच.

स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी. मुळात बायपास रक्ताला नवी वाट करून देतो; अटॅकमध्ये मेलेला हृदयाचा स्नायू परत आणणं हे वेगळंच काम. अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, पेशी हृदयात सोडल्या तर बहुतेक काही दिवसांतच नाहीशा होतात. रुग्णांवरच्या चाचण्यांत (क्लिनिकल ट्रायल) दिसलेला फायदाही थोडा, आणि दर वेळी दिसला असंही नाही. स्टेम सेलपासून तयार केलेल्या हृदयपेशी जास्त टिकतात, पण प्राण्यांमध्ये त्यांनी ठोक्यांची लय बिघडवलेलीही दिसली आहे.

अशा इंजेक्शनसाठी कुणी पैसे मागितले तर चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा आणि चाचण्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर पडताळा. प्रायोगिक उपचाराचे पैसे चाचणीत रुग्णाकडून घेत नाहीत. आणि काकांसारख्यांच्या चालू गोळ्या कृपया एक दिवसही थांबवू नका.