'ट्रॉय' आणि वगळलेले देव : पार्श्वभूमी

मे २००४ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'ट्रॉय' या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत प्राचीन ग्रीक कवी होमरच्या 'इलियड' या महाकाव्यापासून प्रेरणा घेतल्याचा मोघम उल्लेख आहे, आणि तो मोघम असणे भागच होते. 'इलियड' ग्रीकांनी ट्रॉय नगराला घातलेल्या दहा वर्षांच्या वेढ्याच्या शेवटच्या वर्षातील काही आठवड्यांपुरते आहे. ग्रीक वीर अकिलीसच्या क्रोधापासून सुरू होऊन ते ट्रॉयचा राजपुत्र हेक्टरच्या अंत्यसंस्कारापाशी संपते. ग्रीक सैनिक पोटात लपलेला लाकडी घोडा, अकिलीसचा मृत्यू आणि नगराची राखरांगोळी त्यात येतच नाहीत. घोड्याची कथा 'ओडिसी'त थोडक्यात आणि रोमन महाकाव्य 'एनिड'मध्ये विस्ताराने सांगितलेली आहे. चित्रपटाने हे सारे एकत्र करून दहा वर्षांचे युद्ध काही दिवसांवर आणले.

ट्रॉयच्या पाडावावर इटलीत १९११ सालीच मूकपट निघाला होता. पन्नाशीच्या दशकात प्राचीन जगावरील भव्य चित्रपटांची लाट आली, परंतु १९६३ मध्ये इजिप्तच्या राणीवरील एका चित्रपटाच्या अफाट खर्चाने निर्मिती संस्था जेरीस आली आणि लवकरच ही लाट ओसरली. रोमन ग्लॅडिएटरवरील २००० सालच्या चित्रपटाने तिला नवे बळ दिले. संगणकावर हजारो सैनिक आणि जहाजे उभी करण्याचे तंत्रही तोवर हाताशी आले होते. 'ट्रॉय'चे सागरकिनाऱ्यावरील चित्रीकरण मोरोक्कोत व्हायचे होते, ते इराक युद्धाच्या सावटामुळे मेक्सिकोत हलवावे लागले. तिथे सप्टेंबर २००३ मधील चक्रीवादळाने सेटची मोडतोड केली. नगराचा मोठा सेट माल्टातील जुन्या किल्ल्यात उभारला होता. सुमारे १७.५ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे ४९.७ कोटी डॉलर मिळवले.

या चित्रपटासंबंधी आजही वाद होतो तो देवांना वगळण्याच्या निर्णयावर. होमरच्या काव्यात देव शोभेपुरते नाहीत, घटना तेच घडवतात. आपल्या पुजाऱ्याचा अपमान झाला म्हणून अपोलो ग्रीक छावणीत रोगराई सोडतो आणि कथेला तोंड फुटते. हेलनला ट्रॉयला आणणारा हेक्टरचा भाऊ पॅरिस तिचा नवरा मेनेलाउसशी द्वंद्वयुद्धात हरत असताना अफ्रोडायटी त्याला धुक्यात लपेटून थेट त्याच्या शयनगृहात पोहोचवते. अथेना हेक्टरच्या दुसऱ्या एका भावाचे रूप घेऊन त्याला फसवते आणि अकिलीससमोर उभे करते. हेक्टरचा मृतदेह मागायला गेलेल्या त्याच्या पित्याला, ट्रॉयच्या वृद्ध राजा प्रायमला, शत्रूच्या छावणीतून हर्मिस सुखरूप घेऊन जातो.

देव काढले की यातील प्रत्येक ठिकाणी दुसरे कारण शोधावे लागते, आणि पटकथेची खरी परीक्षा तिथेच होते. चित्रपटातला पॅरिस रणांगणावर सरपटत जाऊन हेक्टरच्या पायांना मिठी मारतो आणि हेक्टर त्याला वाचवण्यासाठी मेनेलाउसला ठार करतो. परंपरेनुसार मात्र मेनेलाउस हेलनला घेऊन सुखरूप घरी परततो. ग्रीकांचा सरसेनापती अगामेम्नॉनलाही चित्रपट ट्रॉयमध्येच मारतो, त्यामुळे घरी परतल्यावर पत्नीच्या हातून होणारा त्याचा वध, म्हणजे ग्रीक शोकांतिकेचा एक मोठा आधारस्तंभ, मुळासकट उखडला जातो. देवींच्या सौंदर्यस्पर्धेतून उद्भवलेले युद्ध येथे अगामेम्नॉनच्या साम्राज्यलालसेतून होते. इराकवरील आक्रमणाला जेमतेम एक वर्ष झाले असताना हा बदल अनेक समीक्षकांच्या नजरेत भरला, आणि दिग्दर्शकानेही ते साम्य नाकारले नाही.

देव वगळणे हे 'इलियड'वरचे आधुनिक आक्रमण आहे, ही तक्रार मात्र अर्धवट माहितीवर उभी आहे. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात आणि त्यानंतर दोन लॅटिन गद्य वृत्तांत प्रचारात आले. एक ग्रीकांच्या बाजूने लढलेल्या क्रीटवासीयाच्या नावावर, तर दुसरा ट्रॉयमधील पुजाऱ्याच्या नावावर होता. दोन्ही बनावट असले तरी प्रत्यक्षदर्शीचा आव आणत, आणि रणांगणात उतरणारे देव त्यांनी गाळून टाकले होते. पश्चिम युरोपातील मध्ययुगीन वाचकाला मूळ ग्रीक होमर दुर्मीळ होता. बाराव्या शतकातील फ्रेंच काव्यासह तिथली ट्रॉयकथा प्रामुख्याने या वृत्तांतांवर वाढली. चित्रपटाने नकळत तीच वाट धरली.

आक्षेप घ्यायचाच असेल तर तो अन्यत्र घ्यायला हवा. देव अनुपस्थित असले तरी देवभक्ती पडद्यावर सतत आहे, आणि ती जवळजवळ दर वेळी घातक ठरते. अकिलीस अपोलोच्या सोनेरी मूर्तीचे मस्तक उडवतो आणि त्याचे काहीच बिघडत नाही. प्रायम पुजाऱ्याच्या शकुनांवर विसंबतो आणि नगर गमावतो. काव्याच्या आरंभी अपोलोने पाठवलेली रोगराई चित्रपटाच्या अखेरीस येते. किनाऱ्यावर सोडून दिलेली, अंगावर फोड असलेली प्रेते पाहून पुजारी तो देवाचा कोप असल्याचे सांगतो आणि त्याच भरात घोडा नगरात आणला जातो. देवभक्तीविरुद्ध एवढी ठाम भूमिका घेणाऱ्या चित्रपटाने देव वगळण्यासाठी वास्तववादाची ढाल पुढे करणे पटत नाही. अकिलीसची आई थेटिस हिचे दृश्य तेवढे याला सन्माननीय अपवाद आहे. उथळ पाण्यात शिंपले वेचणारी ही आई मुलाचे भवितव्य सांगते, आणि ती देवी आहे की नाही हे चित्रपट उघडे ठेवतो.

मूळ आवृत्ती सुमारे १६३ मिनिटांची होती. चाचणी-प्रदर्शनानंतर तिचे जवळपास पूर्ण झालेले पार्श्वसंगीत रद्द करून दुसऱ्या संगीतकाराकडून घाईने नवे करून घेण्यात आले होते. २००७ मधील १९६ मिनिटांच्या दिग्दर्शकीय आवृत्तीत हिंसा आणि नगराचा विध्वंस वाढला, देव मात्र परतले नाहीत. ते परतले २०१८ च्या आठ भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेत, जिथे ते माणसांत वावरताना दिसतात. त्याच सुमारास ट्रॉयच्या अवशेषांजवळ तुर्कस्तानने नवे संग्रहालय उघडले.

या निर्णयाची सर्वांत मोठी किंमत एनियासने मोजली आहे. काव्यात तो अफ्रोडायटीचा पुत्र, ट्रॉयच्या राजकुळाचा आप्त आणि हेक्टरखालोखाल मानाचा सेनानी आहे. चित्रपटात नगर जळत असताना पॅरिस ट्रॉयची तलवार एका अनोळखी तरुणाच्या हाती देतो, आणि ती देताना त्याला त्याचे नाव विचारावे लागते.