फास्टिंग बरी आली म्हणजे ‘तीन महिन्यांची’ बरी येईलच असं नाही

मिरजेला मधुमेहाच्या तपासणीला जायचं ठरलं की आठवडाभर आधी भात बंद, चहात साखर नाही, संध्याकाळी चालणं सुरू. मग फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची रक्तातली साखर, ११२ येते आणि घरात सगळे खूश. त्याच कागदावर खाली एचबीएवनसी, म्हणजे ‘तीन महिन्यांची’ साखर, ८.४ टक्के असते, तर ‘लॅब चुकली’. लॅब चुकलेली नसते. दोन वेगळ्या गोष्टी मोजल्यात, आणि आपण एकीचा निकाल दुसरीला लावतोय.

फास्टिंगचं फार सांगायला नको. किमान ८ तास पोटात काही नाही, पाणी चालतं. ‘बिनसाखरेचा चहा घेतला तर काय होतंय’ हे मात्र बंद करा, त्यात दूध असतं. उपचार चालू असलेल्या बहुतेकांना ८० ते १३० च्या आत असली की ठीक.

एचबीएवनसी हा रक्तातल्या लाल पेशींवरचा हिशोब आहे. रक्तात जितकी साखर जास्त, तितकी ती पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी जगेपर्यंत, म्हणजे साधारण १२० दिवस, तिथेच राहते. त्यामुळे आठवडाभराच्या पथ्यानं हा आकडा जेमतेम हलतो. शेवटच्या महिन्याचा वाटा मात्र त्यात निम्म्याच्या आसपास असतो, म्हणून महिनाभर नीट वागलात तर थोडा फरक दिसेल. गोळी बदलून पंधरा दिवस झाले आणि लगेच ही तपासणी केली, तर पैसे वाया. आकडा ताब्यात येईपर्यंत दर तीन महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी पुरते.

आता खरी गोम. एचबीएवनसी ७ म्हणजे दिवसरात्रीची सरासरी साखर सुमारे १५४, आणि ८.४ म्हणजे १९४. पहाटे ११२ असलेल्या माणसाची सरासरी १९४ कशी? बाकीच्या वेळी ती चढते म्हणून. सकाळचे पोहे, अकराचा चहा-बिस्कीट, दुपारी भाकरीवर वर भात, आणि ‘गूळ चालतो की’ म्हणून तोंडात टाकलेला खडा (चालत नाही, साखरेच्या बाबतीत गूळ साखरेचाच भाऊ). सकाळी सातला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालचं पाणी बघून आख्ख्या पावसाळ्याचा अंदाज कुणी बांधत नाही. फास्टिंगवर तेच चाललंय.

अशा वेळी डॉक्टरांशी भांडण्याऐवजी जेवणानंतरची साखर (पीपी) बघा. पहिल्या घासापासून दोन तास, जेवण संपल्यापासून नव्हे. रोजचंच जेवा आणि रोजची गोळी घ्या. पीपीसाठी दोन इडल्या खाऊन बसणं किंवा गोळी चुकवणं, दोन्हींत आकडा निरुपयोगी होतो. १८० च्या आत हवी.

उलटाही घोळ असतो. एचबीएवनसी ६.९, तरी दुपारी साखर उतरून घाम, थरथर. सरासरीत ५५ आणि २५० एकमेकांना झाकतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी म्हणून घरच्या ग्लुकोमीटरवरच भिस्त ठेवावी. ७० च्या खाली म्हणजे कमी. बोट टोचण्याआधी हात साबणानं धुवून कोरडे करा. तासगावात द्राक्षं, बेदाणे हाताळलेलं बोट तसंच टोचलं तर आकडा भलताच वर जातो, नुसतं स्पिरिट लावून भागत नाही. मीटर आणि लॅबमध्ये १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालण्यासारखा आहे, त्यावरून मीटर फेकू नका.

एचबीएवनसीही काही जणांत फसवी असते. लोहाच्या कमतरतेनं रक्त कमी असेल, आणि हे बायकांत सर्रास आढळतं, तर ती खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर बहुधा कमी. म्हणून हिमोग्लोबिनचा रिपोर्ट सोबत न्या. गरोदरपणात तर रोजच्या आकड्यांवरच जास्त भर द्यावा लागतो.