घरचं फुलांचं बी : रोपं करायला आणण्यापूर्वी हे वाचा

जून उजाडला की गेल्या दसऱ्याच्या झेंडूची पिशवी घेऊन ग्राहक आमच्या रोपवाटिकेत येतात, "याची रोपं करून द्या." जरूर देऊ. पण त्यातलं बरंचसं बी उगवत नाही, कारण ती फुलं तोरणातली असतात.

तोरणासाठी फूल ऐन बहरात खुडतात. तेव्हा आतलं बहुतेक बी भरलेलं नसतं. दारावर पाकळ्या वाळतात, बी मात्र पोचटच राहतं. म्हणून बियांसाठी चार-पाच चांगली फुलं झाडावरच राखून ठेवा. पाकळ्यांखालची हिरवी वाटी तपकिरी झाली आणि देठही वाळला, की मगच खुडा. वाटी उभी फाडून पाहा. भरलेलं बी काळं, टणक, लांबट असतं आणि त्याच्या टोकाला फिकट कुसं असतात. नखाखाली चेपणारं पांढुरकं बी टाकून द्या.

तेरड्याला इतकं थांबून चालत नाही, बोंड हात लागताच फुटतं आणि बी उडून जातं. बोंड फुगून पिवळसर पडलं की मुठीत धरूनच तोडा. गुलबक्षीचं काळं बी जमिनीवरून वेचलं तरी चालतं. गोकर्णाच्या शेंगा वाळून तपकिरी होऊ द्या आणि पेरण्याआधी बी रात्रभर भिजवा.

बी सावलीत कागदावर आठ-दहा दिवस वाळवा. ओलसर बी प्लॅस्टिकमध्ये बांधलं तर बुरशी येते. कागदी पाकिटावर नाव, रंग, महिना लिहा आणि पाकीट घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवा.

आमच्याकडे आणण्यापूर्वी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवा, फडकं वाळू देऊ नका. सहा-सात दाण्यांना मोड आले तरच आम्ही ट्रे भरतो. याचा काहींना राग येतो, पण रिकाम्या ट्रेच्या कोकोपीटचे (नारळाच्या काथ्याच्या भुशाचे) आणि मजुरीचे पैसे तुमचेच जातात. दसऱ्याला फुलं हवी असतील तर बी जुलैच्या सुरुवातीलाच पोचवा. रोप तयार व्हायला साधारण चार आठवडे लागतात.

बाजारातला टपोरा झेंडू बहुधा संकरित असतो. त्याच्या बियांपासून रंग, उंची, भरगच्चपणा तसाच येईल याची खात्री नाही. सगळी झाडं एकसारखी हवी असतील तर दरवर्षी ताजं बी घ्यावं लागतं, ते आमच्याकडे मेअखेरपासून मिळेल. साधा तेरडा, गुलबक्षी, गोकर्ण यांचं बी मात्र विकत घेऊ नका, घरचंच धरा.