व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवरून सॉलिड स्टेटकडे वळताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील आमच्या दुकानात काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची दुरुस्ती आणि ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या आधुनिक सॉलिड स्टेट ॲम्प्लिफायरची विक्री ही दोन्ही कामे शेजारी शेजारी चालतात. अनेक वर्षे व्हॉल्व्हवर गाणे ऐकलेले ग्राहक नवा ॲम्प्लिफायर पाहायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : आवाजातला गोडवा जाणार का? हे पत्रक त्या प्रश्नासाठी आहे. गोडवा नेमका कशातून येतो हे समजून घेतले, तर त्यातील बराचसा भाग टिकवता येतो. मात्र त्यासाठी आधी आपल्या स्पीकरकडे पाहावे लागते आणि ॲम्प्लिफायरची निवड त्यानंतर करावी लागते.

बदलाची कारणे बहुतेक वेळा घरगुती असतात. ईएल३४ सारखा पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे स्पीकरला शक्ती देणारा व्हॉल्व्ह, साधारण दोन ते पाच हजार तास चांगला चालतो. रोज चार तास ऐकणाऱ्या घरात वर्षाला सुमारे १,४६० तास भरतात, म्हणजे दीड ते साडेतीन वर्षांत संचातील चारही व्हॉल्व्ह बदलण्याची वेळ येते, आणि आता ते रशिया, चीन व स्लोव्हाकिया येथील मोजक्या कारखान्यांतूनच येतात. एका ईएल३४ चा हीटर ६.३ व्होल्टवर दीड ॲम्पियर घेतो, त्यामुळे चार व्हॉल्व्हचे केवळ हीटरच सुमारे ३८ वॅट खातात. दर चॅनलला ३५ वॅट देणारा संच गाणे हळू लावले तरी भिंतीतून २०० वॅटच्या आसपास ओढत राहतो. रोजच्या चार तासांचे महिन्याला सुमारे २४ युनिट होतात, तर क्लास डी (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणारा) सॉलिड स्टेट ॲम्प्लिफायर तेवढ्याच ऐकण्याला दोन-तीन युनिटांत भागवतो. मे महिन्यात दहा बाय बाराच्या खोलीत ही उष्णता असह्य होते. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेचा त्रास वेगळाच : पावसाळ्यात सॉकेटच्या पकडी काळवंडतात, संपर्क सैल होतो आणि खरखर सुरू होते.

सॉलिड स्टेट म्हणजे कोरडा, टोचणारा आवाज, हा समज निराधार नव्हता. १९६० च्या दशकातील अनेक ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये लहरीचा वरचा आणि खालचा भाग दोन वेगवेगळे ट्रान्झिस्टर हाताळत, आणि ज्या ठिकाणी एकाकडून दुसऱ्याकडे काम जाते तेथे लहर मोडत असे. हा दोष हळू आवाजातच जास्त जाणवतो, म्हणून आलापी ऐकणाऱ्यांना तो नकोसा होई. पुढे सिलिकॉन ट्रान्झिस्टर सुधारले, मंडलरचना सुधारली आणि तो दोष चांगल्या यंत्रांतून केव्हाच गेला. १९५३ साली क्वाड टू हा नावाजलेला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आणणाऱ्या इंग्लंडच्या क्वाड कंपनीने स्वतःच १९६७ मध्ये ३०३ हा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर बाजारात आणला होता.

आता गोडव्याविषयी. प्रत्येक ॲम्प्लिफायर मूळ स्वराला स्वतःचे काही स्वर जोडतो. मध्य षड्ज वाजत असेल, तर दुप्पट कंपनसंख्येचा जोडस्वर म्हणजे तार षड्ज; तिप्पट म्हणजे तार सप्तकातला पंचम; पाचपट म्हणजे त्याही वरच्या सप्तकातला गंधार. हे सगळे तानपुऱ्यातही ऐकू येतात आणि कानाला खुपत नाहीत. सातपटीचा स्वर मात्र कोमल निषादाच्याही किंचित खाली पडतो आणि बेसूर वाटतो. एकाच पॉवर व्हॉल्व्हवर चालणाऱ्या सिंगल एंडेड रचनेत दुपटीचा जोडस्वर प्रबळ असतो, त्यामुळे आवाज भरलेला वाटतो. दोन व्हॉल्व्हच्या पुश-पुल रचनेत तोच जोडस्वर बराचसा आपोआप कटतो. जुन्या ट्रान्झिस्टर यंत्रांत वरच्या, विषम पटींचे स्वर निर्माण होत, आणि टोचणी तेथून येई. आजच्या चांगल्या सॉलिड स्टेट यंत्रात हे सर्वच जोडस्वर ०.०१ टक्क्याच्याही खाली असतात, म्हणजे ते रेकॉर्डिंगमध्ये स्वतःचे जवळजवळ काहीच घालत नाही.

तरीही आमच्या अनुभवात ग्राहकांना जाणवणाऱ्या फरकाचा मोठा वाटा जोडस्वरांचा नसून आउटपुट इम्पीडन्सचा, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या विद्युत विरोधाचा, असतो, आणि याची चर्चा फारच कमी होते. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असले तरी तो सर्व स्वरांना ८ ओहम नसतो. अनेक स्पीकर कुठे ४ ओहमपर्यंत उतरतात, तर कुठे ३० ओहमपर्यंत चढतात. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा इम्पीडन्स १ ओहम असेल, जसा व्हॉल्व्ह यंत्रांत सर्रास असतो, तर ४ ओहमच्या जागी आवाज सुमारे १.९ डेसिबलने उतरतो आणि ३० ओहमच्या जागी जेमतेम ०.३ डेसिबलने. म्हणजे स्पीकरच्या आलेखात जेथे चढ आहे तेथे दीड डेसिबलहून अधिक उठाव आपोआप मिळतो, आणि तो सहज ऐकू येतो. बासमधला चढ असेल तर डग्गा गुबगुबीत लागतो. मध्यभागी असेल तर गळा पुढे येतो. सॉलिड स्टेट यंत्राचा इम्पीडन्स ०.०५ ओहमच्या आसपास असतो. त्यावर हाच फरक ०.१ डेसिबलच्या आत येतो. बदल केल्यावर ‘आवाज पातळ झाला’ असे ज्यांना वाटते, त्यांच्या बाबतीत बऱ्याचदा एवढेच घडलेले असते : आजवर मिळणारा उठाव गेला आणि स्पीकर जसा आहे तसा ऐकू येऊ लागला.

हे केवळ आमचे मत नाही. १९८५ साली अमेरिकेतील बॉब कार्व्हर या ॲम्प्लिफायर रचनाकाराने आपला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर एका महागड्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरशी इतका जुळवून दाखवला होता की त्याचे आव्हान स्वीकारणाऱ्या मासिकाच्या संपादकांना त्या वेळी दोहोंत फरक सांगता आला नाही. आपल्याला इतके खोलात जाण्याची गरज नाही. स्पीकरच्या एका तारेत १ ओहमचा, २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर मालिकेत जोडला की जुना उठाव परत येतो. दुकानात आम्ही तो लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे ऐकवतो. काही ग्राहक तो घरी नेतात. पुष्कळांना आठवडाभराने त्याची गरज वाटत नाही.

शक्तीच्या आकड्यांवर फार जाऊ नये. ३५ वरून ७० वॅट म्हणजे फक्त ३ डेसिबलची वाढ. आपल्या खोल्यांत, शेजाऱ्यांची भिंत सामाईक असताना, सरासरी ऐकणे बहुधा एका वॅटच्याही आत होते. फरक पडतो तो तबल्याच्या कडक थापेला. व्हॉल्व्ह यंत्र मर्यादा ओलांडताना लहरीची टोके गोलसर करते, सॉलिड स्टेट ती सपाट कापते. म्हणून ३५ वॅटच्या व्हॉल्व्हऐवजी घेताना ६० ते ८० वॅटचे यंत्र घ्यावे, असे आम्ही सुचवतो.

जोडणीच्या बाबतीत जुन्या सवयी बदलणे अत्यंत आवश्यक आहे. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह यंत्रावर गाणे सोडल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. सॉलिड स्टेटला स्पीकर नसला तरी चालते, पण तारा एकमेकींना टेकलेल्या त्याला चालत नाहीत. क्लास डी ची बरीच यंत्रे ब्रिज पद्धतीची असतात. त्यांत स्पीकरचे काळे टर्मिनलही जिवंत असते, म्हणून दोन्ही बाजूंच्या काळ्या तारा एकत्र बांधू नयेत आणि अर्थिंगला तर मुळीच जोडू नयेत. ज्यांना जुना व्हॉल्व्ह प्रीॲम्प (मुख्य ॲम्प्लिफायरच्या आधीचा टप्पा) ठेवायचा आहे, त्यांनी नव्या यंत्राचा इनपुट इम्पीडन्स तपासावा. प्रीॲम्पच्या शेवटी ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर १०० किलोओहमच्या इनपुटवर बास सुमारे ३.४ हर्ट्झपाशी उतरतो, पण १० किलोओहमवर तो ३४ हर्ट्झपासूनच गळू लागतो. अशा वेळी दोष नव्या ॲम्प्लिफायरच्या माथी मारला जातो. रेकॉर्ड प्लेअरचेही तसेच : जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) मेगाओहमच्या घरातला इनपुट लागतो, तर आजचा फोनो इनपुट ४७ किलोओहमचा आणि मॅग्नेटिक कार्ट्रिजच्या काही मिलिव्होल्टसाठी असतो. सिरॅमिक कार्ट्रिज थेट त्यात जोडू नये.

एका गोष्टीत आम्ही विक्री नाकारतो. ज्यांच्याकडे एकाच ड्रायव्हरचे (आवाज काढणाऱ्या एकाच पडद्याचे), ९५ डेसिबल किंवा अधिक संवेदनशीलतेचे स्पीकर आहेत आणि ते सिंगल एंडेड यंत्राबरोबर जुळवून घेतलेले आहेत, त्यांनी बदलू नये. त्या स्पीकरना ॲम्प्लिफायरच्या इम्पीडन्सचा आधार लागतो, आणि नवे यंत्र त्यांचा बास खरोखरच काढून घेईल.

तुलना करताना दोन्ही यंत्रांचा आवाज समान असणे फार महत्त्वाचे आहे, कारण अर्ध्या डेसिबलने मोठे वाजणारे यंत्र कानाला ‘मोठे’ न वाटता ‘चांगले’ वाटते. म्हणून आम्ही १००० हर्ट्झचा स्वर सोडून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने दोन्ही यंत्रे २.८३ व्होल्टवर आणतो. एक टक्क्याचा फरक राहिला तरी तो ०.१ डेसिबलच्या आत असतो. मगच आपली रेकॉर्ड लावतो, आणि कोणते यंत्र वाजते आहे हे आपल्याला सांगत नाही.

जुने यंत्र भंगारात देऊ नये. ते ठेवायचे असल्यास व्हॉल्व्ह काढून, क्रमांक लिहून, कोरड्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावेत आणि ट्रान्सफॉर्मरला ओल लागू देऊ नये. बराच काळ बंद राहिलेले यंत्र थेट २३० व्होल्टवर सुरू करू नये. आत ४०० व्होल्टच्या घरातील दाब सोसणारे जुने कपॅसिटर असतात आणि ते स्विच बंद केल्यावरही भरलेले राहतात, म्हणून घरी झाकण उघडू नये. आमच्याकडे डिमरस्टॅटवर व्होल्टेज हळूहळू चढवून ते तपासून मिळेल. तुलनेसाठी येताना आपले जुने यंत्र, स्पीकरचा मॉडेल क्रमांक आणि रोज ऐकता अशा दोन-तीन रेकॉर्ड बरोबर आणाव्यात. स्पीकर उचलून आणण्यासारखे नसतील, तर आधी कळवल्यास आम्ही मीटर आणि रेझिस्टर घेऊन घरी येतो.