पेंचचा अंधार दिव्यांवर ठरतो

नागपूरच्या उत्तरेला असलेल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024मध्ये प्रकाश प्रदूषण रोखण्यासाठी काम करणाऱ्या 'डार्कस्काय इंटरनॅशनल' या संस्थेने डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं काळं आकाश जपणाऱ्या उद्यानाचा दर्जा दिला. भारतातला हा पहिलाच. जंगल म्हटलं की अंधार आलाच, असं वाटतं. पण कडेच्या गावातला एक तिरपा दिवाही आकाश उजळवतो. म्हणून सिल्लारी, खापा अशा गावांतले शंभरावर दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले गेले.

दिवा बदलताना दोन गोष्टी बघायच्या. पहिली, वरून झाकण आणि सपाट काच. झाकण असूनही दिवा खांबावर 20-30 अंश वर कलवला, तर खर्च वाया. ही चूक सर्रास होते. दुसरी, रंग. तो केल्व्हिनमध्ये मोजतात: आकडा जितका मोठा, तितका प्रकाशात निळा भाग जास्त. बाजारातले पांढरेफेक एलईडी 6500 केल्व्हिनचे असतात, इथे 3000 किंवा त्याहून कमी हवेत. 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश हवेत 600 नॅनोमीटरच्या नारिंगी प्रकाशाच्या जवळपास तिप्पट विखुरतो. नुसते वॉट कमी करून हे सुटत नाही.

अंधार मोजायला एसक्यूएम (स्काय क्वालिटी मीटर) नावाचं खिशात मावणारं यंत्र असतं. आकडा जितका मोठा, तितकं आकाश काळं: उत्तम नैसर्गिक आकाश 22च्या आसपास, मोठ्या शहराचं 17-18. फरक किरकोळ दिसतो, पण 5 अंक म्हणजे शंभरपट उजेड. चंद्र नसताना, सूर्य क्षितिजाखाली 18 अंश गेल्यावर, यंत्र सरळ डोक्यावर रोखून चार-पाच वेळा मोजावं. आकडा 22च्या बराच वर गेला तर हुरळू नये. ढग किंवा झाडाची फांदी आड आलेली असते. गंमत म्हणजे शहरात ढग आकाश उजळवतात, इथे काळं करतात.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झोताने ती मोडते. मंद लाल टॉर्च वापरावा. लाल असला तरी प्रखर नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा स्वच्छ असते, मात्र आकाशगंगेचा ठळक मध्यभाग तेव्हा रात्री दिसत नाही. त्यासाठी मार्च-एप्रिलची पहाट गाठावी. अगस्त्य तारा मात्र हिवाळ्यातच बघावा: तो इथून जेमतेम 15-16 अंश वर येतो, तोही दक्षिणेला, नागपूरच्या उजेडाच्या बाजूला.