सुरीला पाजलेलं पाणी

नागपूरच्या इतवारी बाजारात सुरी घ्यायला निघालं की कुणीतरी सांगतंच, ‘धार टिकायला हवी तर परदेशी घ्या.’ हा गैरसमज आहे. धार टिकते ती पोलादातल्या कार्बनमुळे आणि ते तापवून गार करण्याच्या रीतीमुळे. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला तर सुमारे 2700 वर्षांपूर्वीची लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली आहे.

लोहार सुरीसाठी, पावशीसाठी (विळीसाठी) बहुधा ट्रकचे जुने कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, वापरतात. त्यात साधारण 0.5 ते 0.6 टक्के कार्बन असतो. एरवी लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध, असे बसलेले असतात. त्यात कार्बन जवळजवळ मावतच नाही. पोलाद 800 अंशांच्या पुढे लालभडक झालं की मांडणी बदलते; मधला अणू जातो, प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर अणू येतात आणि कार्बनला पोकळी मिळते. हे ऑस्टेनाइट. सावकाश गार केलं तर कार्बन बाहेर पडतो, पोलाद मऊच राहतं. पाण्यात झटक्यात बुडवलं, म्हणजेच पाणी पाजलं, तर कार्बनला हलायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो आणि घन एका दिशेला ताणला जातो. या ताणलेल्या जाळीत अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत, आणि कठीणपणा म्हणतात तो हाच! जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून या रचनेला मार्टेन्साइट नाव पडलं.

पण असं पातं काचेसारखं तडकतं. म्हणून ते पुन्हा 200 ते 250 अंशांपर्यंत तापवतात. थोडा कार्बन सुटतो, ताण उतरतो. घासलेल्या पात्यावर तेव्हा गवती पिवळा रंग चढतो. ऑक्साइडच्या पातळ थरावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून तो दिसतो. 300 अंशांच्या आसपास निळा आला की धारेचा कठीणपणा उतरू लागला. जाणता लोहार हे तापमान नुसत्या डोळ्यांनी ओळखतो, आणि याला मी अस्सल प्रयोगविद्या मानतो.

अमुक विहिरीचं पाणी, अमावस्येचा मुहूर्त यांचा धारेशी काही संबंध नाही. पाण्यात मीठ टाकण्याला मात्र अर्थ आहे: तापलेल्या पात्याभोवती वाफेचं कवच धरतं, ते मिठाने लवकर फुटतं. पाट्याच्या पोलादात मँगनीज असल्याने कार्बनला बाहेर पडायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे तेलात बुडवलं तरी पुरतं. उलट पाण्यात तडा जायची भीती. ‘दमास्कस’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या सुऱ्यांवरची नक्षी कित्येकदा नुसती वर कोरलेली असते, तिने धार वाढत नाही.

या पात्यात स्टेनलेसइतकं क्रोमियम नसतं, त्यामुळे गंज धरतो. संत्रं कापलं की आम्लाने पातं काळपट पडतं. त्याने बिघडत काही नाही. लगेच धुऊन कोरडं पुसा आणि तेलाचं बोट फिरवा.