अमेरिकेत सोशल स्टडीजचं देशभर एकच पुस्तक? खुलासा

"अमेरिकेत पहिली ते पाचवी सगळ्या शाळांत सरकारने ठरवलेला एकच सोशल स्टडीजचा (म्हणजे इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्राचा) सिलॅबस असतो" असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. आपल्याकडे बोर्डाचं पुस्तक असतं म्हणून तिकडेही तसंच असेल असं वाटणं साहजिक आहे, पण तसं नाहीये. तिथे शिक्षण राज्यांच्या हातात आहे आणि केंद्राचं शिक्षण खातं ज्या १९७९ च्या कायद्याने झालं त्यातच लिहिलंय की या खात्याने शाळांचा अभ्यासक्रम ठरवायचा नाही.

मग सगळीकडे सारखं का वाटतं, तर क्रम साधारण तोच असतो, आधी घर-शेजार, मग गाव आणि नकाशा, चौथीत बहुतेक ठिकाणी आपलं राज्य, पाचवीत देश. पण चौथीत टेक्सासची मुलं मेक्सिकोविरुद्धची अलामोची लढाई शिकतात, कॅलिफोर्नियाची मुलं मिशन (स्पॅनिश धर्मप्रचारकांच्या वसाहती) आणि गोल्ड रश (सोनं शोधायला उसळलेली गर्दी), व्हर्जिनियाची १६०७ चं जेम्सटाउन ही इंग्रजांची वसाहत. आपल्या चौथीत शिवाजी महाराज असतात ना, तसंच.

तपासायचं तर राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर सोशल स्टडीज स्टँडर्ड्स (कुठल्या इयत्तेत काय शिकवायचं ते) शोधा, इयत्तेप्रमाणे पीडीएफ मिळते, दोन राज्यांची चौथीची पानं शेजारी उघडून बघा. एका राज्यातून दुसरीकडे बदली होणाऱ्या मराठी घरांनी तर हे आधी बघाच, कारण मुलांचा एखादा भाग दोनदा येतो नाहीतर राहूनच जातो आणि त्यात शिक्षकांची काही चूक नसते.